पहिल्या स्टॉलवर कोणती पाटी टांगावी?

कुडाळच्या बाजारात सुकी मासळी किंवा कोकम घेऊन बसणाऱ्या बाईला पाटी लागत नाही. गिऱ्हाईक तिला ओळखते, तिच्या आईलाही ओळखत असते. पण तीच बाई मुंबईच्या प्रदर्शनात स्टॉल लावते तेव्हा शेकडो स्टॉलांच्या रांगेत ती अनोळखी असते. माणसे चालत येतात, एक नजर टाकतात आणि पुढे जातात. तेवढ्या वेळात तिच्या वतीने बोलणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे डोक्यावरची पाटी. म्हणूनच पहिल्यांदा प्रदर्शनाला निघालेल्या कुटुंबात किंवा बचत गटात पाटीवरून बरीच चर्चा होते आणि बराच पैसाही खर्च होतो. तो पैसा योग्य ठिकाणी कसा लागेल, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

अशा संधी आता आपल्या घरांपासून दूर राहिलेल्या नाहीत. ‘उमेद’ अभियानातर्फे मुंबईत बचत गटांचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरते. दिल्लीच्या प्रगती मैदानावर दरवर्षी नोव्हेंबरात भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा असतो. पुण्याजवळ मोशीला किसान प्रदर्शन भरते. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे ‘डिक्की’, स्थापन केली. तिने डिसेंबर २०११ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दलित उद्योजकांचे प्रदर्शन भरवले. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या योजनांत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना स्टॉलच्या भाड्याची भरपाई मिळण्याची तरतूद आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, त्यामुळे जातीचे प्रमाणपत्र आणि उद्योगाची नोंदणी जवळ असणाऱ्याने चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात अवश्य विचारावेत. मात्र भाडे वाचले म्हणून तेच पैसे पाटीवर उधळले, तर हिशोब पुन्हा जागच्या जागी येतो.

टांगती पाटी कोणासाठी असते?

मोठ्या बंदिस्त सभागृहात गेल्यावर छतापासून लोंबणाऱ्या भल्यामोठ्या पाट्या दिसतात. काही चौकोनी, काही गोल, काही तर संथपणे फिरणाऱ्या असतात. त्या पाहून नवख्या माणसाला वाटते की आपलीही अशीच पाटी हवी. पण त्या पाट्यांच्या खाली जागा किती आहे, हे पाहावे. तेथे बहुधा चारही बाजूंनी मोकळी, मोठी जागा घेतलेली कंपनी असते. अशा मोकळ्या जागेवर स्टॉल कंपनी स्वतः बांधते आणि छताला काही टांगण्याची परवानगी बहुतेक ठिकाणी तिलाच मिळते. त्यासाठी आधी नकाशा आणि वजन कळवावे लागते. टांगण्याचे काम सभागृहाने नेमलेला ठेकेदारच करतो आणि छताला जेवढ्या ठिकाणी अडकवायचे, तेवढ्या ठिकाणांचे पैसे वेगळे लागतात.

आपल्याला मिळतो तो साधारण ३ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद, म्हणजे ९ चौरस मीटरचा तयार स्टॉल. भिंती सुमारे अडीच मीटर उंच. एक टेबल, दोन खुर्च्या, दिवे, आणि पुढच्या बाजूला वर नावाची पट्टी. मंडपवाले या पट्टीला ‘फॅशिया’ म्हणतात. अशा स्टॉलच्या भिंतीपेक्षा उंच काही लावू देत नाहीत. प्रदर्शन मंडपात असेल तर छताचा सांगाडा किती वजन पेलेल, हा प्रश्न वेगळाच. तेव्हा पाटी बनवायला टाकण्याआधी आयोजकाला विचारणे, ही पहिली पायरी. नाहीतर हौसेने करून नेलेली पाटी तीन दिवस टेबलाखाली पडून राहते.

अक्षराचा हिशोब

पाटी रंगवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे : दहा फुटांवरून सहज वाचता यावे, तर अक्षर एक इंच उंच हवे. आपल्या मोजमापात, ३ मीटरला अडीच सेंटीमीटर. या हिशोबाने १० सेंटीमीटरचे अक्षर १२ मीटरवरून सहज वाचता येते. स्टॉलांमधली वाट जेमतेम ३ ते ४ मीटर रुंद असते. म्हणजे समोरून चालणाऱ्या माणसासाठी फॅशियावरची अक्षरे पुरेशी आहेत.

आता सभागृहाच्या दारातून, ४० मीटरवरून, वाचता येईल अशी पाटी करायची म्हटले, तर अक्षर साधारण ३३ सेंटीमीटरचे, म्हणजे एक फुटाहून मोठे हवे. त्यातही आपल्या लिपीची गोष्ट वेगळी आहे. ‘पिंगुळी’ हा शब्दच घ्या. वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार. एक फूट उंचीच्या पट्टीत वरखाली जागा सोडली, तर अक्षराचा मूळ देह निम्म्याच्या आसपास उरतो. हे लक्षात न घेता दुकानदार कॉम्प्युटरवर अक्षरे ताणतो. मग वेलांटी कापली जाते किंवा उकार पट्टीच्या कडेला चिकटतो.

समोरची पाटी चालणाऱ्याला दिसत नाही

आपण प्रदर्शनात फिरतो तेव्हा स्टॉलकडे तोंड करून फिरत नाही, वाटेने सरळ चालत असतो. त्यामुळे स्टॉलच्या कपाळावरची पाटी तिच्यासमोर येईपर्यंत नीट दिसत नाही. कुडाळ स्टेशन आठवा. फलाटाच्या दोन्ही टोकांना गावाच्या नावाच्या पिवळ्या पाट्या आहेत, काळ्या अक्षरांच्या. त्या रुळाला समांतर नाहीत, आडव्या उभ्या आहेत. गाडीतून येणाऱ्याला नाव लांबूनच वाचता यावे, हे त्यामागचे कारण.

स्टॉललाही हेच लागू आहे. कोपऱ्याच्या खांबाला, वाटेला काटकोनात, दोन्ही बाजूंनी छापलेली दीड-दोन फुटांची लहान पाटी टांगली, तर दोन्हीकडून येणाऱ्यांना ती आधीच दिसते. छताला टांगलेल्या मोठ्या पाटीपेक्षा अशी पाटी आपल्या स्टॉलला अधिक गिऱ्हाईक आणील. मात्र ती वाटेत बाहेर यायला आयोजकाची परवानगी हवी. नसेल तर स्टॉलच्या हद्दीतच आतल्या बाजूने लावावी. तिची खालची कड सात फुटांच्या वर ठेवावी, म्हणजे डोक्यावर खोके घेऊन जाणाऱ्या हमालाला ती लागणार नाही.

पाटीवर काय लिहावे?

येथे सर्वांत जास्त गफलत होते. गटाचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, अध्यक्ष, सचिव, दोन फोन आणि वर ‘शुद्ध, घरगुती, खात्रीशीर’. एवढे वाचायला माणूस थांबणार नाही. वरच्या पाटीवर मालाचे नाव मोठे आणि गावाचे नाव त्याखाली, एवढेच असावे. ‘काजू – पिंगुळी, सिंधुदुर्ग’. बाकी सगळे टेबलावरच्या कागदावर आणि पाकिटावर.

पिंगुळीकरांना हे शिकायला लांब जायला नको. तेथील ठाकर कलावंतांच्या चित्रकथीत एका वेळी एकच चित्र प्रेक्षकांसमोर धरतात आणि त्यावरची कथा गातात. सगळी चित्रे एकदम मांडली तर कथा कोण ऐकेल? कळसूत्री बाहुल्याही वरून दोऱ्यांनी टांगलेल्याच असतात, पण त्या खेळतात प्रेक्षकाच्या नजरेसमोर. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. बाहुल्या किंवा चित्रे विकणाऱ्याने तर शब्दांवर भर देऊच नये. एक मोठी बाहुली स्टॉलच्या तोंडाशी नजरेच्या उंचीवर टांगली की तीच पाटी.

कोठे जायचे आहे, त्यावरून शब्द निवडावा. ‘आमसूल’ मुंबईत चालेल, दिल्लीत कळणार नाही. तेथे ‘कोकम’ लिहावे. ‘काजू’ मात्र मराठी आणि हिंदी दोन्ही वाचणाऱ्यांना कळतो. भौगोलिक मानांकन मिळालेले नाव, उदाहरणार्थ ‘वेंगुर्ला काजू’, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसताना पाटीवर घालू नये. फॅशियावरची अक्षरे आयोजक लावतो, ती आपण भरलेल्या अर्जावरून. अर्ज इंग्रजीत भरला की ‘पिंगुळी’चे ‘पिंगुली’ होते. म्हणून अर्जाबरोबर देवनागरीत स्वच्छ लिहिलेला कागद द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

आणखी एक प्रश्न आपल्या घरांत हळू आवाजात विचारला जातो. पाटीवर आडनाव लिहावे की नको? माल खाण्याचा असला की ही भीती वाढते. आडनाव वाचून गिऱ्हाईक पुढे गेले तर? भीती उगाच आहे, असे मी म्हणणार नाही. पण खाद्यपदार्थाच्या पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे. पाकिटावर असलेले नाव पाटीवर लपवून काय साधणार? २०११ च्या त्या प्रदर्शनात, नावातच ‘दलित’ हा शब्द असलेल्या संस्थेच्या छताखाली आपल्या उद्योजकांनी माल मांडला होता. वरच्या पाटीवर माल मोठा असावा, कारण माणूस माल शोधत येतो. खाली लहान अक्षरांत आपले नाव पूर्ण आणि खरे असावे.

कापड, रंग आणि प्रवास

फ्लेक्स स्वस्त पडतो, पण त्यावर दिव्याची चकाकी येते आणि घडी पडली की ती जात नाही. तो गुंडाळूनच न्यावा लागतो. जाड कापडावर छापलेली पाटी थोडी महाग पडते, पण घडी करून पिशवीत बसते आणि इस्त्री केली की पुन्हा नवी. गावच्या शिंप्याकडून वर आणि खाली नेफा शिवून घ्यावा, त्यात अॅल्युमिनियमची नळी घालावी. खालच्या नळीच्या वजनाने कापड ताणलेले राहते. नळी दोन तुकड्यांची करावी, म्हणजे रेल्वेच्या बाकाखाली मावते. बंदिस्त सभागृहात कापड लवकर पेट न घेणारे असावे, अशी अट असू शकते. तीही विचारून घ्यावी.

रंग दोनच पुरेत : गडद निळ्यावर पांढरी अक्षरे, नाहीतर पिवळ्यावर काळी. लाल पार्श्वभूमीवर हिरवे अक्षर लांबून दिसत नाही. छापायला देण्याआधी जुन्या वर्तमानपत्रावर त्याच मापाची अक्षरे काढून शाळेच्या पटांगणात टांगावीत. पंधरा-वीस पावलांवरून घरातल्या म्हातारीला आणि शाळकरी मुलाला वाचायला सांगावे. दोघांनी न अडखळता वाचले, तर पाटी पास.

पाटी विजेच्या तारेला, दिव्याच्या पट्टीला किंवा पाण्याच्या नळाला कधीही बांधू नये. दोन टोकांना दोन दोऱ्या असतातच. शिवाय तिसरी, सैल, सुट्या खिळ्याला किंवा खांबाला बांधलेली असावी. एक दोरी तुटली तरी पाटी कोणाच्या डोक्यावर येऊ नये, यासाठी.

शेवटी हिशोब

समजा, एका किलो काजूमागे गटाला १२० रुपये सुटतात. छताला टांगायच्या पाटीवर भाड्यासह ९,००० रुपये खर्च झाले, तर तो भरून यायला ७५ किलो काजू जास्त विकला गेला पाहिजे. काटकोनातली कापडी पाटी १,२०० रुपयांत झाली, तर १० किलोत भरून येते आणि पुढच्या प्रदर्शनालाही तीच वापरता येते. हे आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्येक गटाने आपले आकडे घालून हाच हिशोब वहीत करावा आणि मगच छापखान्याची पायरी चढावी.

पैसे भरण्याआधी आयोजकाला चार प्रश्न लेखी विचारावेत. स्टॉलवर किती उंचीपर्यंत पाटी चालेल? वाटेला काटकोनात लावता येईल का? फॅशियावर कोणत्या लिपीत, कोणते शब्द येणार? पाटी लावायला आदल्या दिवशी किती वाजता आत सोडणार? उत्तरे आली की त्या कागदाची घडी पाटीच्या पिशवीतच ठेवावी. पहाटे मुंबईला उतरून दारावरच्या माणसाशी वाद घालायची वेळ आली, तर तोच कागद काढून दाखवता येईल.