घरचा पैसा आणि मुलांची वाट

दिवाळी आटोपली की दोन-चार जुने विद्यार्थी माझ्या घरी येतात. यंदा आलेल्यांपैकी एक जण गेली चार वर्षे पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आहे. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मी सहज विचारले, "गावाकडे जाऊन आलास की नाही?" तो खाली मान घालून म्हणाला, "नाही सर. गेलं की वडील काही बोलतच नाहीत. तेच सोसत नाही."

वडील रागावतात म्हणून घरी जायला कचरणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. वडील बोलत नाहीत म्हणून न जाणारा हा पहिलाच. त्याचा हिशेब मी विचारला. कॉटचे भाडे, खानावळ, अभ्यासिकेची मासिक फी, क्लासची फी, परीक्षांचे अर्ज आणि पुस्तके. क्लासची फी सोडली तरी महिन्याकाठी दहा-अकरा हजार. हे पैसे येतात कोठून? थोडे उसाच्या बिलातून, थोडे दुधाचे आणि उरलेले आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून. या पाटल्यांची गोष्ट घरात कोणी त्याला सांगितलेली नाही. ती त्याला चुलतभावाकडून कळली.

श्रोतेहो, मुलांच्या शिक्षणासाठी घर जो पैसा घालते, त्याला आपण कर्ज म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्या पैशामागे अपेक्षा असते, हे तरी आपण कबूल करू या. अपेक्षा असण्यात मला काही गैर दिसत नाही. शेतकऱ्याला पेन्शन नाही. पाऊस गेला, भाव पडला तर त्याच्या घरात निश्चित असे काहीच उरत नाही. अशा घरात एका मुलाचा पगार सुरू झाला तर तो साऱ्या घराचा विमा असतो. तेव्हा बाप नोकरीची वाट पाहतो, ती लोभाने नव्हे. घोटाळा होतो तो निराळ्या ठिकाणी. बँकेच्या कर्जाला रक्कम असते, मुदत असते, फेडीचा दिवस असतो. घरच्या पैशाला यांतले काहीच नसते. किती वर्षे द्यायचा, कोणाच्या वाटचा द्यायचा, काम झाले नाही तर पुढे काय, हे कोणी बोलत नाही. जे कर्ज कधी लिहिलेच नाही, ते फिटले असे म्हणणार तरी कधी?

मला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. त्यांचे वडील रामजी सुभेदार मुलाच्या पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आले की सोडवून परत देत. ही झाली घरची मदत. पुढे १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा रीतसर करार झाला: शिक्षण संपल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची. त्याप्रमाणे १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झालेही. अस्पृश्य म्हणून तेथे राहायला जागा मिळू दिली नाही, म्हणून त्यांना ती सोडावी लागली. ते असो. मला सांगायचे आहे ते एवढेच की संस्थानाने आपली अपेक्षा कागदावर लिहिली. वडिलांची अपेक्षा मात्र कोठल्याच कागदावर नाही, आणि बहिणींच्या दागिन्यांची तर गोष्टच सोडा.

बहिणींचा विषय निघालाच आहे, तर माझ्या घरचे सांगतो. मी एम.ए.ला असताना वडिलांनी दुभती म्हैस विकली. मी डी.एड. करून चटकन मास्तर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मला पुढे शिकायचे होते. ते एका शब्दाने बोलले नाहीत. सुट्टीत घरी गेलो की गोठ्यातला मोकळा खुंटा दिसे, आणि मी नजर फिरवून आत जाई. मला नोकरी लागली, घर सावरले, आणि सगळे फिटले असे मी धरून चाललो. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी धाकटी बहीण माहेरपणाला आली होती. चुलीपाशी भाकरी थापता थापता ती अगदी सहज म्हणाली, "दादा, त्या वर्षी मी नर्सिंगचा फॉर्म आणला होता. आई म्हणाली, यंदा दादाची फी आहे, पुढल्या साली बघू." पुढल्या साली तिचे लग्न झाले. तिने तक्रार केली नाही, तव्यावरची भाकरी उलटली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही. खुंटा मला दिसत होता, फॉर्म कधी दिसलाच नव्हता.

मुलाच्या शिक्षणाला पैसा आणि मुलीच्या लग्नाला पैसा, अशी वाटणी आपल्याकडे न बोलताच झालेली असते. "तिच्या लग्नाला लागेलच की" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. पण वडिलोपार्जित जमीन विकून मुलाला शिकवायचे घाटत असेल, तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून मुलगीही मुलाप्रमाणेच जन्माने त्या मिळकतीची वाटेकरी आहे. म्हणजे विकलेल्या एकरात तिचाही हिस्सा गेला. तिला निदान विचारायला तरी हवे.

आता ज्या परीक्षांसाठी एवढा खर्च होतो, त्यांचे आकडे पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केला. प्रत्यक्ष पेपरला बसले ५,८३,२१३. शेवटी निवड झाली १,००९ जणांची. बसलेल्यांत सुमारे पावणेसहाशेंमागे एक. या परीक्षेला खुल्या वर्गातील उमेदवाराला सहा वेळा बसता येते, इतर मागासवर्गीयांना नऊ वेळा. अनुसूचित जाती-जमातींना वयाची मर्यादा संपेपर्यंत. ही मर्यादा खुल्या वर्गाला ३२ वर्षे आहे. म्हणजे आयोगानेसुद्धा 'किती वेळा' याचे उत्तर लिहून ठेवले आहे. ठेवले नाही ते आपण घरात. हे मी मुलांनी परीक्षा देऊ नये म्हणून सांगत नाही. माझेच काही विद्यार्थी आज अधिकारी आहेत, आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण पावणेसहाशेंतले बाकीचे सगळे आळशी होते, असे घरी कोणी समजू नये. त्या मुलांनीही स्वतःबद्दल तसे समजू नये.

कर्जाचेही थोडे सांगतो, कारण त्याबद्दल खेड्यात भीती फार. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल तर बँका शैक्षणिक कर्ज देतात. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. हप्ते सुरू होतात ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने, आणि फेडायला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. व्याज मात्र शिकत असतानाच धरायला सुरुवात होते, हे कर्ज घेतानाच नीट विचारून घ्यावे. असे कर्ज मुलाच्या नावावर असते, ही मला त्यातली जमेची बाजू वाटते. फेड कोणी करायची याबद्दल मग घरात गैरसमज राहत नाही. स्पर्धा परीक्षेच्या खासगी क्लासला मात्र हे कर्ज सहसा मिळत नाही, आणि म्हणूनच पाटल्या पतसंस्थेत जातात.

दुसरा मार्ग जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले, तेथे मुले शेतात राबत, स्वतः स्वयंपाक करीत आणि शिकत. १९४७ साली निघालेले तेथील छत्रपती शिवाजी कॉलेज याच 'कमवा व शिका' तत्त्वावर उभे राहिले. आजही काही महाविद्यालयांत ही योजना आहे. मिळणारे पैसे थोडे असतात. पण स्वतःच्या खानावळीचे पैसे स्वतः भरणारा मुलगा वडिलांशी निराळ्या आवाजात बोलतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या विद्यार्थ्याचे वडील महिन्याभराने बाजार समितीत कांदा घेऊन आले होते, तेव्हा माझ्याकडे डोकावले. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही पोराशी बोलत का नाही?" ते म्हणाले, "सर, बोलू काय? ईचारलं तर त्याला वाटायचं, बाप हिशेब मागतोय. त्याच्या अभ्यासात खोडा नको म्हनून गप ऱ्हातो." मुलगा बापाच्या गप्प बसण्याला भ्यालेला, आणि बाप मुलाच्या भल्यासाठी गप्प! मी मुलाला फोन करून बोलावून घेतले. एक शंभर पानी वही काढली. दोघे तासभर माझ्या ओसरीवर बसले होते. ठरले ते असे: आणखी दोन वर्षे, महिन्याला घरून सात हजार, बाकीचे त्याने संध्याकाळी शिकवण्या करून मिळवायचे, दोन वर्षांत जमले नाही तर बी.एड. करायचे, आणि त्या वेळी कोणी कोणाला टोमणा मारायचा नाही. हे शेवटचे कलम मुलाने घातले. आप्पांनी एकच ओळ लिहायला सांगितली, पगार सुरू झाला की आधी पाटल्या सोडवायच्या. मग मी विचारले, "घरात आणखी कोण शिकतंय?" तेव्हा धाकट्या मुलीचे नाव निघाले. ती यंदा बारावीला आहे. तिच्यासाठी वहीचे दुसरे पान उघडले.

शिक्षकबंधूंना विनंती आहे की अशी मुलगी तुमच्या वर्गात असेल तर तिच्या आईवडिलांच्या कानावर एवढे घालावे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश सरकारी केंद्रीय पद्धतीने झालेला हवा. खासगी अभिमत विद्यापीठे यात नाहीत. वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च घरालाच पाहावा लागेल, तो वहीत आधीच धरावा. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून, सेतु केंद्रामार्फत मिळतो. निकाल लागला की तेथे रांगा लागतात, म्हणून ३१ मार्च उलटताच, एप्रिलमध्येच अर्ज टाकावा. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअरचे प्रमाणपत्र लागत असेल तर तेही त्याच खेपेत मागून घ्यावे.