रहिमतखाँच्या तबकड्या

ग्वाल्हेर घराण्याचे रहिमतखाँ यांच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच आहेत, आणि त्याही त्यांच्या उतारवयातल्या. जयाजीराव शिंद्यांच्या दरबारातले हद्दूखाँ हे त्यांचे वडील. हद्दूखाँ १८७५ मध्ये वारले आणि एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. त्या घरातले गाणे कानांनी ऐकायचे तर मुलाच्या या तबकड्यांइतकी जवळची वाट नाही. तरी घराण्याची चर्चा निघाली की ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्याकडे वळते. रहिमतखाँ ‘भूगंधर्व’ या पदवीपुरते आणि अफूच्या किश्श्यांपुरते उरतात. हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

त्यांना महाराष्ट्रात आणले ते सर्कशीने. विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरीस अश्वविद्या शिकले, गाणे हद्दूखाँकडे. पुढे स्वतःची सर्कस घेऊन फिरत असताना व्यसनाने खंगलेला गुरुपुत्र त्यांना काशीत सापडला. त्यांनी त्याला सोबत घेतले, सांभाळले, पुन्हा गाते केले. १९०५ मध्ये विष्णुपंत गेल्यावर बंधू काशिनाथपंतांनी ती जबाबदारी निभावली. कुरुंदवाडला १९२२ मध्ये खाँसाहेब निवर्तले.

ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोन १९२५ च्या सुमारास आला. त्याआधी गायक भोंग्यासमोर गायचा. त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणावर खाच कोरी. खर्ज बुजे, तंबोरा जवळजवळ नाहीसा होई. बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. बंदिशीची स्थायी-अंतरा नीट भरून, बहलावा घेत बोलतानांकडे जाणाऱ्या ख्यालाला एवढ्यात जागा कुठली? खरखरीआड ऐकू येणारी घाई त्या तीन मिनिटांची आहे, गायकाची नव्हे.

एवढ्याशा तबकडीतूनही वारसा पुढे जाऊ शकतो. अमेरिकेत रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ मध्ये अशाच छोट्या तबकड्यांवर २९ ब्लूज गाणी मुद्रित केली. १९६१ मध्ये त्यांतली काही एलपीवर आली, तरुण गिटारवादकांनी ती घोकली आणि ‘क्रीम’सारख्या बँडमधून ती हार्ड रॉकच्या मुळाशी गेली. रहिमतखाँचा वारसा मात्र प्रत्यक्ष मैफलींतून झिरपला. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ त्यांच्या गाण्याने भारावले होते. ‘जमुना के तीर’ ही भैरवी रहिमतखाँनी मुद्रित केली, अब्दुल करीमखाँनीही, आणि पुढे भीमसेन जोशींनी ती मैफलीमैफलींत गायली. आज श्रोते तिला किराण्याची भैरवी म्हणूनच ओळखतात.

दोन्ही खाँसाहेबांची भैरवी एकापाठोपाठ लावून ऐकावी. तार सप्तकाकडे ओढ घेणारा उंच, नाजूक आवाज आणि स्वरावर रेंगाळून शब्द हळवा करण्याची रीत आधी रहिमतखाँकडे भेटते. हद्दूखाँची ख्याती जोरकस तानांची. मुलगा त्याच घरात शिकून आलापीत रमला. ग्वाल्हेरच्या गायकीला केवळ दमदार आणि रोखठोक म्हणणाऱ्यांनी हा पुरावा अजून पुरेसा विचारात घेतलेला नाही.