कुत्र्यांची नसबंदी आणि ठेक्याचा कागद

भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक म्हणतो, मारून टाका. दुसरा म्हणतो, मुक्या जिवाला हात लावू नका. कणकवलीच्या एस. टी. स्थानकावर पहाटेच्या गाडीने उतरणारा प्रवासी, बाजारात मासळी विकून टोपली आवरणारी बाई, शिकवणी आटोपून अंधारात वस्तीवर परतणारी मुलगी, यांचे या दोन्ही मतांनी भागत नाही. चावा त्यांनाच बसतो. म्हणून आम्ही आज तिसऱ्या वाटेबद्दल, म्हणजे कुत्र्यांच्या नसबंदीबद्दल लिहीत आहोत; आणि त्यातही कोणी ज्याकडे पाहत नाही त्या ठेक्याच्या कागदाबद्दल.

मारण्याचा उपाय मुंबईने पुष्कळ वर्षे करून पाहिला. महापालिका दरवर्षी हजारो कुत्रे मारीत होती, तरी रस्ते मोकळे झाले नाहीत. १९९४ साली ते थांबले आणि नसबंदीचे काम सुरू झाले. उकिरडा तसाच राहिला की एक टोळी गेली तरी शेजारची येते, हा तिथला धडा. 'एवढे कुत्रे इले खंयसून?' असे आपण विचारतो. त्याचे उत्तर कोंबडीच्या दुकानामागे टाकलेल्या घाणीत आहे.

केंद्र सरकारने २००१ साली याचे नियम केले आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे आणले. कुत्रा पकडावा, नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खाच द्यावी, शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस सांभाळावा आणि जिथून उचलला तिथेच सोडावा, असा क्रम आहे. जबाबदारी स्थानिक संस्थेची.

आता नगरपंचायतीकडे स्वतःचा पशुवैद्य कुठून असणार? सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना गाईम्हशी आणि शेळ्या पुरतात. तेव्हा काम बाहेरच्या संस्थेला द्यावे लागते. त्या संस्थेला भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची मान्यता लागते. पैसे बहुधा दर कुत्र्यामागे ठरतात, आणि खरी गोम इथेच आहे.

नराची शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते. मादीचे पोट उघडून गर्भाशय व अंडाशय काढावे लागते. वेळ जास्त, टाके जास्त, जोखीमही जास्त. दोघांचा दर एकच असेल तर ठेकेदाराची गाडी कोणाला आधी उचलेल? पण गावात एक नर उरला तरी तो अनेक माद्यांना पुरतो. मादीचा गर्भ सुमारे ६३ दिवसांत पुरा होतो. म्हणजे नरांच्या आकड्यांनी अहवाल फुगेल, पिल्ले मात्र तेवढीच राहतील. माद्यांची संख्या कागदावर वेगळी मागितली पाहिजे. काढलेले अवयव जपून ठेवावेत आणि देखरेख समितीने ते मोजावेत, अशी तरतूद नियमांतच आहे. ती मोजणी खरोखर होते का, हे विचारायला नगरसेवक असण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. कुत्र्याला कलमठ कुठे संपते आणि कणकवली कुठे सुरू होते हे ठाऊक नसते. कणकवलीने काम केले आणि कलमठ, जानवली स्वस्थ बसले, तर दोन वर्षांत पैसे पाण्यात. शेजारच्या ग्रामपंचायतींना बरोबर घेऊन एकच ठेका काढणे आम्हांस शहाणपणाचे वाटते.

आणि जाळी घेऊन कुत्र्यामागे धावणारा कोण? डॉक्टरचे नाव कागदावर असते, त्याचे नसते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आले, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. रोजंदारीवरच्या त्या माणसाला रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचलेली असावी, हातमोजे व विमा असावा, आणि ही अट ठेक्यात लिहिलेली असावी. कुत्र्याच्या टाक्यांची चौकशी होते, तशी त्याच्या हाताच्या जखमेचीही व्हावी.

नीट काम केले तर काय होते, हे पाहायला लांब जावे लागत नाही. शेजारच्या गोव्यात २०१३-१४ पासून सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी दरवर्षी मोठ्या संख्येने कुत्र्यांना लस दिली, शाळाशाळांत मुलांना शिकविले. २०२१ साली गोवा देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. एकूण कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक महिना येऊन गेलेल्या ठेकेदाराकडून हे होणार नाही. दरवर्षी करावे लागते.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके येथील कुत्रे नसबंदी व लस देऊन निवाऱ्यात ठेवावेत, पुन्हा तिथे सोडू नयेत, असा आदेश दिला. म्हणजे लहान गावांनाही आता निवारा, त्यातले रोजचे अन्न आणि नेमाने येणारा डॉक्टर यांचा हिशेब मांडावा लागणार. पुढच्या ग्रामसभेत वा नगरपंचायतीत हा प्रश्न आपल्या महिला मंडळांनी जरूर काढावा.

तोवर माता-भगिनींनी घरात एवढे सांगून ठेवावे. कुत्रा चावला, नुसता ओरखडा उठला, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. लस तेथे मोफत मिळते. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही विचारावे. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून दिलेल्या तारखांपैकी एकही चुकवू नये. आणि मुलाने चावा लपवला, तर त्याला रागावू नये. भीतीपोटीच मुले लपवितात.