काटेरी करडई आणि विमानातलं खोटं जवस

विमान रॉकेलवर उडतं. चेष्टा नाही, जेट इंधन म्हणजे रॉकेलचंच गाळीव, लाडावलेलं भावंड. या भावंडात बियांचं तेल मुरवून पाहायचा नाद जगाला कधीचा लागलाय. 30 जानेवारी 2009 ला जपान एअरलाइन्सनं टोकियोच्या हानेडा विमानतळावरून एक बोइंग 747 उडवलं. चारातल्या एका इंजिनात निम्मं इंधन जैविक होतं आणि त्यातला मोठा वाटा कॅमेलिना नावाच्या बारक्या बियाचा. त्याच नोव्हेंबरात केएलएमनं कॅमेलिनाच्या मिश्रणावर माणसं बसवून फेरी मारली. पुढच्या एप्रिलात अमेरिकी नौदलाचं एफ-18 लढाऊ विमान निम्म्या कॅमेलिनावर आवाजाच्या वेगाला मागे टाकून गेलं.

ही कॅमेलिना मोहरीच्या कुळातली. इंग्रजीतलं एक नाव फॉल्स फ्लॅक्स, म्हणजे खोटं जवस. थंडी सोसते, पाणी कमी मागते, तीनेक महिन्यांत घरात येते, तेल पस्तीस-चाळीस टक्के. भारतात हे बी संरक्षण संशोधनवाल्यांच्या हल्द्वानीच्या प्रयोगशाळेनं ऑस्ट्रियातून आणलं. आमच्या श्रीगोंद्याच्या जिरायत पट्ट्यातल्या माणसाला ही जाहिरात ऐकायला गोड वाटेल, पण आधी दाणा बघा.

एका किलोत दहा लाख

हजार दाण्यांचं वजन जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे किलोभर बियात दहा लाख दाणे! करडईच्या किलोत साधारण वीस हजार बसतात. पाभरीमागे चालत चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या बोटांना हे बी कळणारच नाही. तीळ-मोहरीत मिसळतात तशी वाळू मिसळा, नाहीतर दहा एकरांचं बी एका तासात जाईल.

चोर ओळखायचा कसा?

युरोपात कॅमेलिनाची एक जात जवसाच्या शेतात तण म्हणून घुसली. आता तण कुठं पकडलं जातं? उफणणीला. पाटीतून धार सोडली की हलकं बी वाऱ्यानं लांब जातं, जड पायाशी पडतं. शेतकरी दर वर्षी जवसाच्या ढिगाबाहेर पडलेलं बी टाकून देत गेला. टिकलं कोणतं? वाऱ्यावर जवसाइतक्याच अंतरावर पडणारं. शेकडो पिढ्यांत या तणानं आपलं बी असं जमवून घेतलं की जवसाच्या ढिगातच बसायला लागलं, आणि शेतकरी स्वतःच्या हातानं ते पुढच्या वर्षी पेरायला लागला. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांच्या नावानं ही नक्कल ओळखली जाते. राय हे धान्यही असंच गव्हात लपून पुढं आलं म्हणतात. मला तर खळ्यावरच्या या चोराचं कौतुकच वाटतं.

हे बी माणसाच्या पोटातही जुनंच. डेन्मार्कच्या दलदलीत 1950 साली सापडलेला टोलुंड मानव नावाचा मृतदेह सुमारे 2,400 वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोटात शेवटच्या जेवणाची पेज निघाली: जव, जवस आणि कॅमेलिना.

आमचं काटेरी पीक

आता घरात या. श्रीगोंद्यात तेलाचं रब्बी पीक म्हटलं की जुन्या माणसांना करडईच आठवते. कुकडी-घोड नद्यांचं पाणी आलं आणि कालव्याखाली ऊस माजला, तशी करडई हटत हटत शाळवाच्या कडेला गेली. तिथं तिला नोकरीही होती, कुंपणाची. चार ओळी करडई लावली की गुरं आत शिरत नाहीत. मुळं खोल जातात, म्हणून काळ्या रानातल्या मुरलेल्या ओलीवर ती निवांत उभी राहते. विरळणीत उपटलेली कोवळी रोपं थेट भाजीला.

काढणी मात्र परीक्षा. आजी म्हणायची, दव आहे तोवर हात घालावा. ऊन चढलं की करडई चावते. पहाटे काटे नरम असतात. तरीही बायका हातांना फडकी गुंडाळायच्या, पायात जुने मोजे घालायच्या, आणि रात्री दिव्याखाली सुईनं एकमेकींचे काटे काढायच्या. या काट्यांवर उपाय फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं काढला: नारी-6 ही बिनकाट्याची जात. तिच्या पाकळ्याही हातानं खुडता येतात. पण मग गुरांना कोण अडवणार, हा प्रश्न आमच्या एका शेजाऱ्यानं फार गंभीरपणे विचारला होता.

पाकळ्यांचं मोल तेलापेक्षा जुनं. त्यांच्यातून लाल रंग निघतो. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी कापड त्यानं रंगवत. इंग्रजांच्या कचेऱ्यांत कागदपत्रांच्या गठ्ठ्यांना बांधायची ती तांबडी फीतही करडईच्या रंगात बुडवलेली असायची, असं सांगतात. लालफितीत अडकलेल्या सातबाऱ्याचं मूळ करडईत निघावं, यात मला गंमत वाटते.

आणि ऊस?

तोही आता तेलाच्या शर्यतीत आहे. 19 मे 2023 ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशियाच्या विमानात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजचं देशी जैवइंधन थोडं मिसळलं होतं. त्याची वाट अल्कोहोलमधून जाते, म्हणजे मळीच्याच गल्लीतून. त्याच वर्षी 7 डिसेंबरला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली आणि साखर कारखान्यांची धांदल उडाली. आठवडाभरात ती थोडी सैलही झाली. कच्च्या मालाचं राजकारण विमानापेक्षा जलद उडतं.

बियांच्या तेलावर इंजिन चालवायची कल्पना मात्र जुनीच: रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनानं 1900 सालीच पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याचं तेल पिऊन दाखवलं होतं.

बांधावरचा पाहुणा

एक राहिलाच, मोगली एरंड. वीसेक वर्षांपूर्वी बायोडिझेलच्या नावानं त्याची कोण हवा होती! पडीक जमिनीवर सोनं उगवणार होतं. भावाचा पत्ता नव्हता, बी वेचायची मजुरी बियापेक्षा महाग, आणि लोकांनी नाद सोडला. अजून कुठे बांधावर दोन-चार झाडं दिसतात. पानं आणि बी विषारी, म्हणून शेळ्याही तोंड लावत नाहीत. 27 ऑगस्ट 2018 ला स्पाइसजेटचं विमान डेहराडूनहून दिल्लीला उडालं, ते याच झाडाच्या तेलाचं इंधन थोडं मिसळून.