नातवंडांचा खेळ, आजी-आजोबांचा विरंगुळा

रविवारी सकाळी सातच्या सुमारास दादरच्या शिवाजी पार्कवर फेरी मारली, किंवा इंदूर-बडोद्याच्या एखाद्या शाळेच्या मैदानात डोकावलं, तर एक दृश्य हमखास दिसतं. स्वतःच्या उंचीएवढी किटबॅग ओढत निघालेली आठ-दहा वर्षांची मुलं आणि त्यांच्या मागोमाग पाण्याची बाटली, नॅपकिन व डब्याची पिशवी सांभाळत चालणारे आजोबा. मुलाचे आई-वडील दोघंही नोकरी करणारे. सुट्टीच्या दिवशी घरात आठवडाभराची कामं साचलेली असतात. मग नातवाला मैदानावर नेण्या-आणण्याचं काम आपसूकच आजोबांकडे येतं.

सुरुवातीला हे कामच वाटतं. गुडघे कुरकुरतात, सकाळचं वर्तमानपत्र वाचायचं राहून जातं. पण महिना-दोन महिने गेले की आजोबाच आदल्या रात्री नातवाचे बूट काढून ठेवू लागतात. सहाचा गजर व्हायच्या आतच ते उठलेले असतात.

याचं कारण शोधायला फार दूर जावं लागत नाही. आज सत्तरीत असलेल्या पुष्कळ पुरुषांनी आपल्या मुलाचा खेळ कधी धड पाहिलेलाच नाही. गिरणीतली पाळी, सकाळची लोकल, फिरतीची नोकरी, ओव्हरटाइम यात मुलगा केव्हा पळायला शिकला आणि केव्हा शाळेच्या खो-खो संघात गेला, ते त्यांना बायकोकडून कळायचं. बक्षीस मिळालं तर प्रगतिपुस्तकाबरोबर सहीपुरतं समोर यायचं. नातवाच्या वेळी मात्र घड्याळाचा काच नसतो. मुलाच्या वेळी निसटलेलं काहीतरी आता निवांत बसून पाहायला मिळतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा आधार खेळाडूला कुठवर नेऊ शकतो, याचं उदाहरण आपल्याकडे आहे. रोहित शर्माचं लहानपण बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे गेलं. वडिलांची कमाई बेताची, आई-वडील डोंबिवलीला एका खोलीत राहायचे आणि त्यांची भेट सुट्टीच्या दिवशी व्हायची. क्रिकेटच्या शिबिराचे पैसे काकांनी भरले. त्याच मुलाच्या नेतृत्वाखाली भारताने 2024 मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. अर्थात, आजोबांकडे राहणारा प्रत्येक नातू रोहित होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. खरं तर लहान मुलाच्या खेळाकडे या नजरेने पाहायला लागलं की पंचाईत सुरू होते.

परतीची वाट

लहान मुलाच्या खेळातला सर्वांत नाजूक काळ मैदानावरचा नसतो. सामना संपल्यापासून घराचं दार येईपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं तशी असतात. पोराला भोपळाही फोडता आलेला नसतो. आपण काय चूक केली, हे त्याला ठाऊक असतं आणि प्रशिक्षकांनीही ते सांगितलेलं असतं. अशा वेळी वडील बरोबर असतील, तर त्यांच्या डोळ्यांसमोर भरलेली फी आणि शेजारच्या मुलाच्या धावा असतात. गाडीला किल्ली लावायच्या आत प्रश्न सुरू होतात, 'तो चेंडू सोडायचा नव्हता का?' असे तीन-चार रविवार गेले की मुलाचं पोट दुखायला लागतं, तेही नेमकं शनिवारी रात्री.

इथे आजोबांचं मोल कळतं. त्यांना निकाल नको असतो. नातू शून्यावर आउट झाला तरी तो त्यांचा नातूच असतो आणि शहाळ्याच्या गाडीपाशी थांबायचं ठरलेलं असतं. शहाळं संपेपर्यंत काहीच विचारायचं नाही. मूल स्वतःहून बोलतं आणि बहुतेक वेळा खेळाबद्दल बोलतच नाही. मैदानावर आलेल्या कुत्र्याबद्दल किंवा यष्टिरक्षकाच्या पडलेल्या दाताबद्दल बोलतं.

सगळ्याच आजोबांना हे जमतं असं मात्र नाही. काहींच्या अंगात तरुणपणचा क्लबातला खेळाडू अजून जागा असतो. ते सीमारेषेवरून 'डावा कोपर वर!' असं ओरडतात, तर आत उभे असलेले प्रशिक्षक काही वेगळंच सांगत असतात. बिचाऱ्या मुलाने ऐकायचं कुणाचं? शिकवण्याची फारच हौस असेल, तर ती घराच्या गॅलरीत भागवावी. तिथे प्लॅस्टिकचा चेंडू असतो, एक टप्पा आउटचा नियम असतो आणि आजोबांना बाद करून नातवाला जो आनंद होतो, तो त्याला शाळेच्या सामन्यातही मिळत नाही.

बॅट खरेदीतही आजोबांची माया जरा आडवी येते. 'दोन वर्षं तरी पुरेल' या हिशेबाने ते मोठ्या मापाची बॅट घेतात. शाळेच्या गणवेशाला हा हिशेब चालतो, बॅटला चालत नाही. जड बॅट उचलताना मूल खालच्या हाताने जोर लावतं, बॅट आडवी येते आणि लागलेली सवय पुढे सुटता सुटत नाही. मुलांच्या बॅट वयाप्रमाणे नव्हे, तर उंचीप्रमाणे लहान-मोठ्या मापांत मिळतात. मुलाला दुकानात बरोबर नेऊन ती त्याच्या हातात देऊन पाहावी. चांगल्या विलोची बॅट असेल, तर खेळण्यापूर्वी तिला जवसाचं तेल हलक्या हाताने चोळावं लागतं आणि लाकडी हातोडीने किंवा जुन्या चेंडूने कित्येक तास ठोकून ती तयार करावी लागते. या कामाला लागणारी सवड आणि चिकाटी घरात एका आजोबांकडेच असते. शेजाऱ्यांची दुपारची झोपमोड होते खरी, पण मोसमाच्या सुरुवातीपुरतीच!

आजीचा डाव

आजीचं काय? पायचीतचा नियम तिला दहा वेळा समजावला तरी तिचा प्रश्न कायम असतो, 'पायालाच लागला ना, मग त्याला घरी का पाठवलं?' पण नात खो-खो खेळत असेल, तर तिथे आजीला काही समजावावं लागत नाही. आठ जणी बसलेल्या, एक पळणारी आणि मागून 'खो!' हा खेळ तिच्या अंगणातलाच आहे. तिच्यातल्या पुष्कळ जणींचा खेळ पायात साडी आली त्या दिवशी थांबला होता. आज तीच बाई नातीच्या शॉर्ट्सना इस्त्री करते आणि 'गुडघे उघडे टाकून कुठे निघालीस' म्हणणाऱ्या शेजारणीला परस्पर वाटेला लावते. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा कितीतरी घरांत आज्या नातींबरोबर उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसल्या होत्या.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट घरातल्या तरुण मंडळींनी विसरू नये. आजोबांना नातवाला मैदानावर न्यायला आवडतं, याचा अर्थ त्यांना गृहीत धरावं असा होत नाही. 'बाबा काय, रिकामेच असतात' हे वाक्य अनेक घरांत सहज बोललं जातं आणि ते लागतं. आठवड्यातून तीन दिवस सराव, दोन दिवस पोहणं, शिवाय शिकवणी हे सगळं साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाच्या पायांवर लादणं बरोबर नाही. त्यांची संध्याकाळची फिरायची वेळ असते, मित्रांचा कट्टा असतो. वार आधी ठरवावेत, रिक्षाचे पैसे त्यांना मागावे लागू नयेत आणि मे महिन्यात सराव कितीही महत्त्वाचा असला, तरी ऊन चढायच्या आत ते घरी पोहोचतील असं पाहावं. किटबॅग ज्याची त्याने उचलायची, हा नियम तर पहिल्या दिवसापासून असावा. प्रशिक्षकांनाही तो आवडतो.

आणि एक दिवस येतोच. बारा-तेराव्या वर्षी नातू म्हणतो, 'आजोबा, तुम्ही नका येऊ, मी मित्रांबरोबर जाईन.' ऐकताना बरं वाटत नाही. काही आजोबा मग फिरायला निघाल्याचं निमित्त करून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, झाडाआड उभे राहतात. नातवाला ते दिसलेले असतात, पण तो हात करत नाही. रात्री जेवताना मात्र 'आज मी किती काढले, सांगा' असं तो आजोबांनाच विचारतो.