मुद्रण रांग
मुद्रण रांग : संगणकाने सिद्ध केलेले अहवाल मुद्रकाकडे जाण्यापूर्वी ज्या क्रमवार यादीत थांबतात, तिला मुद्रण रांग म्हणतात. संगणकाच्या मानाने मुद्रक फार मंद असतो. आयबीएम कंपनीचा १९५९ मधील १४०३ हा वेगवान मुद्रकही सेकंदाला सु. १० ओळीच छापीत असे. मुद्रणासाठी संगणक अडून राहू नये म्हणून फलित आधी फीत किंवा चकती यांवर साठवून सवडीने छापण्याची पद्धत रूढ झाली. तिला स्पूलिंग म्हणतात. मँचेस्टर येथील ॲटलस संगणकात (१९६२) तिचा वापर होता.

या पद्धतीचे सुस्पष्ट रूप आयबीएमच्या एएस/४०० (१९८८) या प्रणालीत आढळते. तिच्यात डेटाबेस हा प्रचालन प्रणालीचाच भाग असून आयबीएम आय या नावाने ही प्रणाली पुढे चालू आहे. अहवालाचा कार्यक्रम डेटाबेसमधील नोंदी वाचून ओळी तयार करतो. मुद्रक-फाइल या व्याख्येनुसार त्यांची मांडणी होऊन स्पूल-फाइल बनते व ती रांगेत दाखल होते. मुद्रण-लेखक हा स्वतंत्र कार्यक्रम तेथून ती मुद्रकाकडे पाठवितो.

मुद्रक-फाइलमध्ये सामान्यतः पानाला ६६ ओळी, ओळीत १३२ अक्षरे, इंचाला ६ ओळी व १० अक्षरे ही मूल्ये गृहीत असतात. ६६ ओळींचे पान ११ इंच उंचीच्या कागदाशी जुळते. ६० वी ओळ ही पान भरल्याची खूण असून ती आली की कार्यक्रमाने नवे पान घ्यावयाचे असते. प्रतींची संख्या, कागदाचा प्रकार, फाइल रोखून ठेवणे आणि मुद्रणानंतर जतन करणे हेही येथेच ठरते. रांगेतील अग्रक्रम १ ते ९ असा असून १ हा सर्वोच्च होय.

स्पूल-फाइल हे डेटाबेसचे जिवंत दर्शन नव्हे. अहवाल सकाळी तयार होऊन सायंकाळी छापला, तरी त्यातील आकडे सकाळचेच राहतात. म्हणून अहवालावर तो सिद्ध झाल्याची तारीख व वेळ असणे आवश्यक ठरते. मुद्रण-लेखक बंद असल्यास फाइल रांगेतच राहते. अशा वेळी अहवाल निघाला नाही असे समजून कार्यक्रम पुन्हा चालविल्यास दुहेरी प्रती निघतात. धनादेशांच्या बाबतीत ही चूक महागात पडते. यासाठी प्रथम रांग तपासावी. धनादेशांची फाइल रोखलेल्या स्थितीत ठेवून योग्य कागद चढविल्यावरच सोडावी.

छापलेला कागद कुलपात ठेवला, तरी त्याची मूळ फाइल रांगेत वाचता येऊ शकते. स्पूल-नियंत्रणाचा विशेष अधिकार असलेल्या व्यक्तीस इतरांच्या फाइलीही पाहता येतात. त्यामुळे वेतनपत्रकासारख्या गोपनीय अहवालांसाठी स्वतंत्र रांग ठेवणे व हा अधिकार मोजक्या व्यक्तींनाच देणे इष्ट असते.