चहाचा वृक्ष आणि काळा चहा

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा प्रवासी गुडीहत्नूरच्या टपरीवर थांबतो, तेव्हा त्याच्या पेल्यातील चहा दूध, साखर आणि आले यांच्या आड दडलेला असतो. ‘काळा चहा घेता का?’ असे विचारले तर तो नको म्हणेल. कारण बोलभाषेत काळा चहा म्हणजे बिनदुधाचा, कोरा चहा. वस्तुतः काळेपणा हा पानाचा गुण आहे. टपरीवरची भुकटीही काळा चहाच होय. चिनी लोक मात्र त्याला पेल्यातील रंगावरून ‘होंग छा’, म्हणजे तांबडा चहा, म्हणतात.

हा रंग येतो कसा? खुडलेले पान प्रथम कोमेजू देतात, मग वळतात. वळताना पेशी फुटतात, पानातील कॅटेचिन द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि हिरवे पान तांबूस होते. शेवटी उष्णतेने ते वाळवले की ही क्रिया थांबते. थिआफ्लेविन या द्रव्याने चहाला झळाळी व तरतरी येते, थिआरुबिजिनने गडद रंग व भरीवपणा.

परंतु कृती एकच असली तरी पान निराळे असते. आन्ह्वे प्रांतातील छीमन येथील चहा लहान पानांच्या झुडपांचा. त्याचा सुगंध नाजूक. युन्नानमधील पान मोठे व कसदार. जपानशी युद्ध पेटून पूर्वेकडील चहाचे मुलूख तुटले, तेव्हा फंग शाओछ्यू यांनी १९३८-३९ च्या सुमारास युन्नानमधील फंगछिंग येथे या मोठ्या पानापासून काळा चहा सिद्ध केला. तो ‘दियानहोंग’. त्याचे कोंब सोनेरी, चव गोडसर व भरदार. आसामचे चहाचे झाड याच मोठ्या पानांच्या जातीचे. म्हणजे टपरीवरचा पेलाही युन्नानच्या नात्यातला.

मळ्यात चहाचे झुडूप दिसते, ते छाटणीमुळे. छाटले नाही तर ही जात उंच वृक्ष होते. युन्नानमधील जिंगमाय पर्वतावर ब्लांग व दाय लोकांनी शतकानुशतके रानाच्या सावलीत असे वृक्ष जोपासले. २०२३ साली युनेस्कोने त्या चहावनांना जागतिक वारशात स्थान दिले. तेथील पानांचा मुख्यतः पु-अर चहा होतो, पण जुन्या झाडांच्या पानांचा काळा चहाही युन्नानमध्ये करतात.

जुन्या झाडाचे नाव लागले की किंमत चढते, आणि येथेच धोका आहे. हजारो वर्षांच्या वयाचे दावे सहज केले जातात. पोकळ खोडाच्या जिवंत वृक्षाचे वय निश्चित करणे मात्र कठीण. शिवाय लोभाने वारंवार खुडलेला वृक्ष क्षीण होतो. कलमांच्या मळ्यात सारी झाडे एकाच गुणाची असतात. बियांपासून वाढलेल्या वनात प्रत्येक झाड वेगळे असते. उद्या नवी कीड आली किंवा पाऊसमान पालटले, तर तग धरणारे वाण या वैविध्यातूनच शोधावे लागेल. म्हणून वृक्षाचे मोल त्याच्या वयाच्या पाटीवर नाही, त्याच्या बीजात आहे. ते बीज टिकले, तरच टपरीवरच्या पेल्यालाही उद्याची शाश्वती आहे.